खडपाचा सातबारा

खान्देशच्या भूमीला समुद्राचा स्पर्श नाही, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत आटोपण्यासारखी असली, तरी खान्देशी माणसाच्या स्वभावाचा विचार करू लागले की त्या एका ओळीचे महत्त्व फार वाढते. कारण ज्याने उभ्या जन्मात पाणी पाहिले ते एक तर विहिरीच्या तळाशी, नाही तर पाटाच्या दोन काठांमध्ये, आणि फारच झाले तर हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांआड अटकेत ठेवलेले, त्याची अशी दृढ समजूत झालेली असते की पाणी ही एक आज्ञाधारक वस्तू असून ते कोठे थांबवावे व कोठे सोडावे हे ठरविण्याचा अधिकार काठावर उभ्या असलेल्या इसमाला आहे. तापीला पूर आला म्हणजे या समजुतीला थोडा धक्का बसतो खरा, परंतु पूर चार दिवसांत ओसरतो आणि खालची समजूत पूर्ववत उघडी पडते.

अशा माणसाला मालवणच्या किनाऱ्यावरून एका लहानशा होडीत बसवून, समुद्रातल्या बुडीत खडपावर गळाने मासे गरवण्यासाठी न्यावे, आणि तेथे नांगर टाकण्याची वेळ आली म्हणजे काय होते ते शांतपणे पाहावे. हा योग अलीकडे दुर्मिळ राहिलेला नाही. कापसाचे पैसे हाती आले की जळगाव-धुळ्याकडील मंडळी पूर्वी वणीची सप्तशृंगी करीत, फार तर शिर्डीला जाऊन येत. आता ती रात्रभर बसमध्ये अंग आंबवून मालवणात उतरतात, किल्ला पाहतात, सोलकढी हा पदार्थ एकदा संशयाने व नंतर वाटीवाटीने पितात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणा तरी तांडेलाशी भाड्याची घासाघीस करून होडीत चढतात.

या होडीत जे दोन गृहस्थ हमखास भेटतात त्यांची नावे सांगण्याचे कारण नाही, कारण नावे दर खेपेस निराळी असतात. एक धुळ्याचे भाऊसाहेब. महसूल खात्यात हयात घालवून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले, डोक्याला कानटोपी, खिशात दोन पेने आणि बोलण्यात 'सदरहू' व 'सबब'. दुसरे जळगावचे शेटजी. सरकी व ढेपेचे व्यापारी, शुद्ध शाकाहारी, आणि म्हणूनच मासे कसे धरावेत या विषयावरील त्यांचा सल्ला संपूर्णपणे निरपेक्ष. १९०६ साली सरकारने खान्देश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन विभाग केले, तेव्हापासून जळगाव आणि धुळे यांच्यात जो मतभेद चालत आला आहे, तो एके दिवशी अरबी समुद्रात नांगर नेमका कोठे टाकावा या मुद्द्यापर्यंत येऊन ठेपेल, असे तत्कालीन कलेक्टरसाहेबांच्या स्वप्नातही आले नसेल. तिसरा इसम तांडेल. तो बोलत नाही. होडी त्याची असते.

खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. काहींचे माथे ओहोटीला उघडे पडतात, बाकीची जन्मभर बुडालेलीच राहतात. सपाट वाळूच्या तळावर माशाला लपायला जागा नसते. खडपाच्या कपारींत मात्र शेवाळ, कालवे, खेकडे आणि बारीकसारीक मासळी यांची दाट वस्ती असते, आणि त्या वस्तीवर नजर ठेवून गोबरा, हेकरू, तांबोशी असे वजनदार मासे तेथे कायमचा तळ देऊन राहतात. मालवणच्या दर्यात अशी खडपे पुष्कळ. १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले तेव्हा त्या जागेचा मोठा गुण हाच मानला गेला, की भोवतालच्या बुडीत खडकांतून वाट काढणे परक्या जहाजाला सोपे नव्हते. आज त्याच किल्ल्याभोवतीचे पाणी सागरी अभयारण्यात मोडते. १९८७ साली जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र २९ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक असून, किल्ला, पद्मगड आणि आसपासची खडपे हा त्याचा गाभा आहे; सबब गळ टाकावयाचा तो त्याच्या बाहेर जाऊन. समुद्राला हद्द असते आणि ती राजपत्रात छापलेली असते हे कळताच भाऊसाहेबांना किनारा सोडल्यापासून प्रथमच घरच्यासारखे वाटले.

शेटजींना इतक्याने समाधान नव्हते. व्यापारी मनुष्य, किरकोळापेक्षा घाऊक बरे, या न्यायाने त्यांनी लहान खडप सोडून थेट मोठ्यावरच का जाऊ नये अशी पृच्छा केली. मोठे म्हणजे आंग्रिया बँक. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरांवर प्रवाळांचे हे बुडीत पठार पसरले आहे. लांबी ४० किलोमीटरांच्या घरात, रुंदी सुमारे १५, माथा पाण्याखाली वीसेक मीटर, आणि पठाराची कड संपताच समुद्र शेकडो मीटर खोल. १७२९ साली कैलासवासी झालेल्या सरखेल कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला मिळाले आहे, आणि ज्या दर्यात त्यांच्या गुराबा-गलबतांचा दरारा होता तेथे ते शोभतेही. भाऊसाहेबांनी मनातल्या मनात लांबीला रुंदीने गुणले आणि त्यांचा चेहरा व्यथित झाला. "म्हणजे साठ हजार हेक्टर पड!" ते म्हणाले. एवढ्या क्षेत्राला गट क्रमांक नाही, आकारणी नाही, तलाठी नाही, ही कल्पना त्यांना बराच वेळ सोसवली नाही. तांडेलाने शेटजींकडे पाहिले, आपल्या होडीच्या मागे लटकणाऱ्या लहानशा इंजिनाकडे पाहिले, आणि तो विषय तेथेच निकाली निघाला.

आता खडप सापडते कसे? पाण्यावर तर पाटी लावलेली नसते. किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा, समजा बुरुजाचा कोपरा आणि त्यामागच्या डोंगराची खांदकडी, एकमेकींच्या बरोबर मागे-पुढे येतील अशी होडी धरावयाची. मग दुसऱ्या अंगाच्या दोन खुणा, एखादे देऊळ आणि एखादे वाकडे माडाचे झाड, तशाच एका ओळीत येईपर्यंत त्या पहिल्या रेषेवरून चालावयाचे. जेथे दोन्ही रेषा मिळतात तेथे खाली खडप. हल्ली उपग्रहाचा नकाशा दाखवणारा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो, परंतु जाणता तांडेल आधी डोंगराकडे पाहतो आणि फोनकडे नंतर, तेही फोनचे मन राखण्यापुरते. ही पद्धत पाहून भाऊसाहेबांना गहिवर आला. चतुःसीमा! पूर्वेस देऊळ, उत्तरेस बुरूज. याच खुणांवर त्यांनी चाळीस गावांच्या मोजण्या निभावून नेल्या होत्या. फक्त, खुणेचे माडाचे झाड उद्या वादळात पडले तर फेरफार नोंद कोणी घ्यावयाची, या त्यांच्या प्रश्नाला होडीत कोणाकडेच उत्तर नव्हते.

जागा सापडली, आता नांगर टाकला की झाले, असे कोणाही सुज्ञ खान्देशी माणसाला वाटणार. शेटजींनी तर उभे राहून बोट दाखविले. "आठेच टाक ना, भो!" पण तांडेलाने इंजिन बंद केले, तंबाखू मळावयास घेतली आणि होडी मोकळी सोडून दिली. होडी आपली हळूहळू एका बाजूला सरकू लागली. पाच मिनिटे गेली. जो प्रदेश पाटाचे पाणी आपल्या शेतावर पोहोचेपर्यंत रात्रभर कंदील घेऊन जागतो, त्याला पाच मिनिटे काहीच न करणारा मनुष्य पाहवत नाही. शेटजींनी खालच्या आवाजात विचारले, "भाडं तासवर शे का फेरीवर?" वस्तुतः त्या पाच मिनिटांत तांडेल सर्वांत महत्त्वाचे काम करीत होता. वारा एकीकडून ढकलतो, पाण्याची ओढ दुसरीकडून खेचते, आणि या दोघांच्या भांडणातून होडी जिकडे वाहते ती दिशा अंदाजाने सांगता येत नाही, वाहू देऊनच पाहावी लागते. ती समजली की त्याच रेषेत उलट, खडपाच्या पुढे, ओढीच्या विरुद्ध अंगाला जावयाचे, तेथे वाळूत नांगर सोडावयाचा, आणि मग दोर देत देत होडी मागे येऊ द्यावयाची, ती अशी की शेवटी ती बरोबर खडपाच्या कडेवर येऊन उभी राहील. म्हणजे जेथे बसावयाचे तेथे नांगर टाकावयाचा नाही. आणि जेथे टाकावयाचा तेथे बसावयाचे नाही.

शिवाय नांगर खडपावर पडू न देण्यात नुसता मासेमारीचा हिशेब नाही. त्या दगडावर जिवंत प्रवाळ असतात, त्यांतले काही वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, आणि लोखंडाचा फाळ एकदा त्यांवरून फरपटला की नातवाच्या पिढीलाही ती जागा भरून आलेली दिसावयाची नाही.

नांगर सोडण्याचा क्षण मात्र फार वेगाने येतो व जातो. नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, दोराचे वेटोळे घातलेले असते, त्याच्या टोकाला हात-दोन हात साखळी, आणि साखळीला चार फाळांचा नांगर. तांडेल तो भिरकावत नाही. काठावरून अलगद पाण्यात उतरवतो, आणि पुढच्याच क्षणी ते वेटोळे जिवंत झाल्यासारखे सळसळत, एकेक फेरा उकलत, काठावर घासून ओला वास सोडीत खाली धावू लागते. त्या वेळी वेटोळ्यात कोणाचाही पाय असता कामा नये, ही सूचना तांडेलाने निघतानाच दिली होती. शेटजींनी ती आपल्याला लागू नाही असे मानले होते. पाय त्यांनी वेळेवर उचलला; डाव्या पायातली चप्पल मात्र एका फेऱ्यात अडकून नांगरापाठोपाठ रवाना झाली, आणि ती नवी असल्याचे त्यांनी पुढे दिवसभर निरनिराळ्या संदर्भांत सांगितले.

नांगर तळाला टेकला. खोली आठ वाव. वाव म्हणजे दोन्ही हात फैलावून धरलेला दोर, सुमारे सहा फूट. आठ वाव पाणी, तेव्हा आठ वाव दोर, आणि वर दोन वाव बरकतीचे, असा शेटजींचा सरळ व्यवहारी हिशेब. तांडेल मात्र दोर देतच होता. दहा झाले, वीस झाले, तीस झाले. शेटजींना ती उधळपट्टी असह्य झाली. "अहो, बांधा आता! आखूड बांधा, म्हणजे हलणार नाही." येथे भाऊसाहेबांनीही प्रथमच जळगावच्या बाजूने मत दिले.

या ठिकाणी खान्देशी मनाचा आणि समुद्राचा खरा खटका उडतो. आमच्याकडे धरून ठेवणे म्हणजे आखूड बांधणे. बैल पेंडीच्या राशीकडे मान लांबवू लागला की दावे आणखी एक वळसा खुंट्याला घेते. जितके दावे आखूड तितका बैल मालकाचा. समुद्रात नेमके याच्या उलट. नांगराची पकड त्याच्या वजनात नसते, ओढीच्या दिशेत असते. दोर लांब असला तर ओढ तळाला समांतर पडते आणि फाळ अधिकाधिक रुततो. दोर आखूड असला तर प्रत्येक लाटेबरोबर होडी वर उचलली जाते, नांगराला सरळ वर खेचते, आणि गाजर उपटावे तसा तो उपटून येतो. साखळी असते तीही एवढ्याचसाठी, की तिच्या भाराने दोराचे खालचे टोक तळाशी लोळत राहावे. शांत हवेत खोलीच्या तिप्पट दोराने भागते. एरवी पाचपट ते सातपट. म्हणजे आठ वावांना चाळीसच्या वर. तांडेलाने हे सर्व एका वाक्यात सांगितले: "आखूड दोरार नांगर धरणा नाय, शेटनू." भाऊसाहेबांनी 'धरणा' हा शब्द धरणाशी संबंधित समजून हतनूरविषयी काही माहिती दिली, ती येथे देत नाही.

पुढची सूचना अधिक धोक्याची होती. नांगराचा दोर नाळेला बांधल्यामुळे सर्व मंडळींना तोंडे वळवून बसावे लागत होते. तो मागच्या बाजूला बांधला तर पाठीमागे ऐसपैस बसून गळ सोडता येईल, असे शेटजींनी सुचविले. तांडेल पहिल्यांदा गंभीर झाला. होडीची नाळ उंच व निमुळती असते, ती लाटेला चिरते. पाठीमागची बाजू सपाट व ठेंगणी, तिच्यावर इंजिनाचे ओझे, माणसांचे ओझे, आणि त्यात नांगराचा दोर तेथेच खाली खेचू लागला तर एखादी मोठी लाट सरळ आत येते, दुसरीला तर येण्याची परवानगीही मागावी लागत नाही. लहान होड्या बुडतात त्या पुष्कळदा अशा, भर वादळात नव्हे तर साध्यासुध्या दिवशी, कोणाच्या तरी सोयीपायी. तांडेलाच्या पायाशी एक धारदार कोयता नेहमी उघडा असतो, तो मासे कापण्यासाठी नसून अडचणीच्या वेळी दोर तोडण्यासाठी असतो, हे समजल्यावर शेटजींनी आपली सूचना बिनशर्त मागे घेतली.

होडी स्थिर झाली म्हणजे आता सुख, असे ज्याला वाटते त्याने नांगरलेल्या होडीत एक तास काढावा. चालत्या होडीत पोट जागेवर राहते. उभी होडी मात्र पुढे नाही, मागे नाही, एकाच जागी डुलत राहते, आणि मनुष्याच्या अंतर्यामी जे काही आहे ते हळूहळू वर येऊ लागते. बोट प्रथम शेटजींना लागली. भाऊसाहेबांनी कळण्याच्या भाकरीचा तुकडा व मिरचीचा ठेचा हा खात्रीचा उपाय म्हणून पुढे केला, आणि त्याच्या नुसत्या वासाने उपायाची गरज तत्काळ संपली. तांडेलाने क्षितिजाकडे पाहत राहावयास सांगितले. शेटजी क्षितिजाकडे पाहत राहिले. ते किनाऱ्याच्या बाजूचे क्षितिज होते.

दहा वाजण्याच्या सुमारास जमिनीवरून येणारा मतलई वारा पडला आणि थोड्या वेळाने समुद्रावरून खारा वारा सुटला. होडीने नांगराभोवती सावकाश अर्धे वर्तुळ घेतले. देवळामागचा वाकडा माड देवळाच्या पुढे आला, बुरूज डोंगरापासून सुटा झाला, आणि भाऊसाहेब ताडकन उठून बसले. "हद्द सरकली!" नांगर जागच्या जागी, दोर तोच, वहिवाटदार तेच, आणि कब्जा मात्र पार पलीकडे, असा प्रकार त्यांच्या सबंध नोकरीत घडला नव्हता. पंचनामा करावा तर पंचांपैकी एकाची मान होडीच्या बाहेर होती. तांडेलाने थोडा दोर आत ओढून, थोडी जागा सुधारून होडी पुन्हा खडपाच्या कडेवर आणली. अशा वेळी दोर लांब असला तर आत घ्यावयास उरतो, हे भाऊसाहेबांच्या ध्यानात आले असावे, पण त्यांनी ते बोलून दाखविले नाही. मोठा पगार आणि मोठी चूक या दोन गोष्टी ते कधीच उच्चारीत नसत. त्यानंतर त्यांच्या गळाला चांगला दोन हातांत धरण्याजोगा गोबरा लागला, त्याचे वर्णन ते धुळ्यात अजून करीत असून त्याची लांबी दर महागाई भत्त्याबरोबर वाढते.

नांगर उचलणे हे टाकण्याहून कठीण. वाळूत रुतलेला नांगर होडी त्याच्या डोक्यावर नेऊन सरळ वर खेचला की सुटतो. जी चूक सकाळी करावयाची नव्हती ती आता मुद्दाम करावयाची. परंतु ओढ बदलल्यावर तो फरपटत जाऊन खडपाच्या कपारीत अडकला असेल, तर चार माणसांच्या ताकदीनेही हलत नाही. त्यावर जाणत्यांची एक युक्ती आहे. साखळी नांगराच्या वरच्या कडीला न बांधता खालच्या बुडख्याला, जेथे फाळ एकत्र येतात तेथे, पक्की बांधावयाची, आणि मग ती दांड्यावरून वर घेऊन कडीला फक्त एका बारीक सुतळीने आवळावयाची. नेहमीची ओढ सुतळी सोसते. अडकल्यावर जोराचा हिसका दिला की सुतळी तुटते, ओढ बुडख्याकडून लागते, आणि नांगर पाठमोरा, ज्या वाटेने आत शिरला त्याच वाटेने बाहेर येतो. काही जण याऐवजी मऊ सळयांचे फाळ करतात; ते ताणाने सरळ होतात, आणि घरी आल्यावर हातोडीने पुन्हा वाकवता येतात. शेटजींना, त्या अवस्थेतही, हा दुसरा प्रकार किफायतशीर वाटला. भाऊसाहेबांचे मत मात्र सुतळीच्या बाजूने पडले. वरून साखळदंड आणि प्रत्यक्षात एक सुतळी, ही रचना त्यांनी अनेक शासननिर्णयांत पाहिली होती, आणि खाते चालते ते त्या सुतळीवरच, असे त्यांनी निवृत्त माणसाच्या मोकळेपणाने सांगून टाकले.

परतीच्या वाटेवर किनारा जवळ येऊ लागला तशी शेटजींची वाचा परत आली, आणि तापी ही ७२४ किलोमीटर वाहून सुरतेच्या पुढे याच अरबी समुद्राला मिळते, सबब या पाण्यात जळगावचा थोडाबहुत हिस्सा धरावयास हरकत नसावी, असा मुद्दा त्यांनी काढला. भाऊसाहेबांनी पांझरा तापीलाच मिळते हे निदर्शनास आणून धुळ्याचाही हिस्सा नोंदविला. चाळीस वाव दोर ओढून हाताला फोड आलेला तांडेल दोघांचे ऐकत होता. त्याने भाडे ठरल्याप्रमाणेच घेतले. हिश्श्याची वजावट दिली नाही.

खान्देशातील ज्या वाचकांना हा अनुभव घ्यावयाचा असेल त्यांनी बेत दिवाळीनंतर करावा; १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि बंदी नसती तरी त्या दिवसांत लहान होडीचे तेथे काम नाही. अभयारण्याची हद्द कोठून कोठवर आहे ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावे, अंगावर तरंगण्याचे जाकीट चढवावे, चपला किनाऱ्यावरच काढून ठेवाव्यात, आणि नांगर कोठे टाकावा व दोर किती सोडावा याबद्दल आपले मत जळगावचे असो वा धुळ्याचे, ते होडी धक्क्याला लागल्यावर सांगावे.